कडक इस्त्रीची पत्रं

६ फेब्रुवारी

चिमट्या,

पत्र हातात घेतलंस की आधी कडेवरून बोट फिरव. कडक लागतंय ना? कागदाला खळ देऊन इस्त्री केलीय. मागच्या वेळी तू लिहिलंस की तिथे दोन दिवसांत पत्राचा लगदा होतो, घामाने, ओलीने, सतरा जणांच्या हातांनी. म्हटलं, मग आपलं लाँड्रीचं दुकान काय कामाचं? बाबा आपल्या प्रगतिपुस्तकांना खळ देऊन इस्त्री मारायचे, आठवतंय? तुझं पुस्तक वर्गात सगळ्यात कडक. मार्क सोडून.

पत्रवाले साहेब, तुम्ही हे माझ्या भावाच्या आधी वाचणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. लपवण्यासारखं काही नाही.

दुकान ठीक. दवाखान्याचे पांढरे कोट येतात, हॉटेलच्या चादरी येतात. गुडघा रोज सकाळी वेगळं काहीतरी बोलतो. राग म्हणशील तर आहेच. लोकांच्या धुतलेल्या चादरींच्या घड्यांत तू त्या नशेच्या पुड्या घालून पोचवल्यास, स्वतःही घेतल्यास, आणि मी खुळी तुला म्हणत होते, बारीक झालायस, अंडी खा.

पण एक बरं आहे. आत तरी ते मिळत नाही. या एका विचारावर मला झोप लागते. ३ जुलैला सुटशील. पाच महिने. तुझ्या शेजारी झोपतात त्या घड्याळजींना माझा नमस्कार सांग. म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात जागा दे, पाय पसरू नको.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. बराकभर फिरलं. घड्याळजींनी कागद कानाशी धरून टिचकी मारली आणि म्हणाले, "वा, चालू स्थितीत आहे."

पाय पसरू नको म्हणतेस. ताई, साठ माणसांच्या खोलीत आम्ही एकशे ऐंशी आहोत. पाळीने झोपतो. घड्याळजींची नि माझी पाळी दुपारची. सगळे एका कुशीवर, चमच्यात चमचा ठेवल्यासारखे. कूस बदलायची तर ओळीतला पहिला "पलट" म्हणून ओरडतो आणि अख्खी ओळ एकदम वळते. एकाने नाही वळलं तर सगळे अडकतात. संडास दोन, दार कशालाच नाही. नळ सकाळी अर्धा तास. तू शिंकलीस तरी बादलीभर पाणी घेऊन तोंड धुतेस, मला आठवून हसू येतं.

पण आता माझं बरं चाललंय. आमच्या बराकीचा मोठा माणूस आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. त्याने मला खिडकीखालची जागा दिली. हवा येते. तो म्हणाला, तुझी ताई एवढी छान पत्रं लिहिते, तिला चांगला कागद देऊ. त्याचा एक माणूस दुकानात पाच कागद आणून देईल. पुढचं पत्र त्याच कागदांवर लिही. पाचही वापर. उगाच चौकशा करू नको, नेहमीसारखी.

चिमट्या

२५ फेब्रुवारी

चिमट्या,

चौकशा केल्या नाहीत. पण याला चांगला कागद म्हणतात?

तो माणूस आला. शर्टाची बटणं वर-खाली लावलेली, मला बघवेना. पाकीट ठेवलं आणि गेला. उघडलं तर कागद पाणी पडून वाळल्यासारखे, लाटा आलेले, कडेला पिवळे डाग, वर औषधाच्या बंद कपाटासारखा वास. म्हटलं, मामाची माया आहे पण कागद ओलीत पडलेला दिसतोय. असल्या कागदावर मी लिहिलं तर बाबा वरून खाली येतील.

मग काय, डाग काढायच्या बाटलीतलं औषध कापसावर घेऊन पाचही पुसले. मग गार पाण्याच्या ताटात एकेक धुतला, खळ दिली, दोरीला लावले आणि इस्त्री. पहिल्या कागदावर इस्त्री ठेवली तेव्हा वाफ अशी अंगावर आली की डोकं गरगरलं, टेबल धरून बसले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्याने झालं असेल. लग्नातल्या कोटांवरचे डाग काढणारी बाई मी, पाच कागदांना ऐकते का? बघ कसे निघालेत. नवे वाटतात की नाही?

घड्याळजींना नमस्कार, तब्येत कशी आहे ते कळव. मामांना सांग, ताई म्हणाली आभारी आहे. आपल्याला सख्खा मामा नव्हता, तुला तिथे मिळाला.

ताई

१२ मार्च

ताईसाहेब,

अक्षर माझं, शब्द तुमच्या भावाचे. मी घड्याळजी. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सध्या लिहिण्याजोगी नाहीत. तो सांगतो तसं लिहितो.

"ताई, मी बरा आहे. मोरीत घसरलो. काळजी करू नको. पुढचे कागद आले की धुवू नको, खळ नको, इस्त्री नको. जसे आले तसे पाठव. माझी शपथ. जागा बदलली, आता संडासाजवळ झोपतो, पण ठीक आहे. चिमट्या."

(पान दुसरं)

ताईसाहेब, तो आता तिकडे वळून बसलाय. हे माझे शब्द आहेत.

पत्रवाले साहेब फक्त पहिलं पान वाचतात आणि शिक्का मारतात. ढिगारा मोठा असतो. आणि ते शब्द तपासतात, कागद नाही. म्हणून इथे कागदातून येतं. औषधात भिजवलेला कागद, वर आईचं, बायकोचं, बहिणीचं पत्र. आत आला की तिकिटाएवढे तुकडे करून विडीत घालून ओढतात. तुमचे पाच कागद मामाने तसेच विकले. ओढणाऱ्यांना फक्त खळ मिळाली. काही जणांना उलट्या झाल्या, बाकीच्यांना राग आला. राग तुमच्या भावावर निघाला. मोरीत मीही रोज जातो. फरशी एवढी घसरडी नाही.

अजून एक. तो तुम्हाला सांगणार नाही. मागणारा मामा आहे, पण ओढणाऱ्यांच्या ओळीत तोही उभा असतो.

काय करा ते मी सांगणार नाही. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडली. बिघडलेला भाग दिसणं वेगळं आणि तो काढल्यावर घड्याळ चालणं वेगळं. मला मूत्रखड्याचा त्रास आहे, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो आणि पायाच्या गळूला देतो तीच पांढरी गोळी मला देतो. एवढी चौकशी तुम्ही प्रत्येक पत्रात करता, म्हणून कळवलं. माझी चौकशी दुसरं कुणी करत नाही.

घड्याळजी

१९ मार्च

चिमट्या,

इकडे सर्व ठीक. ऊन वाढलंय, कपडे लवकर वाळतात. गुडघ्याला शेक देते. शेजारच्या शिंपीणबाईंनी नवीन मशीन घेतलं, फार आवाज करतं. दवाखान्याचे कोट वेळेवर गेले. देवाची दया. तब्येतीची काळजी घे, साहेबांचं ऐक, सकाळी व्यायाम कर.

(पान दुसरं)

वाचला असेल साहेबांनी व्यायाम. आता आपण बोलू.

सोमवारी भेटीला आले तेव्हा तू काचेवर हात ठेवलास. मला आधी नखं दिसली. काळी. मग दोन बोटं, कुणीतरी पुन्हा चुकीची लावल्यासारखी. तू म्हणालास, "ताई, केस का कापलेस?" मी केस कापून वर्ष झालं रे. गेल्या भेटीतही हेच विचारलंस.

मी केलं ना हे? मी धुतलं म्हणून झालं. आयुष्यभर एकच काम येतं मला, डाग दिसला की काढायचा, आणि तुझी बोटं मोडून बसले.

काल तो माणूस पुन्हा आला. बटणं तशीच. पाकीट इस्त्रीच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "ताई, या वेळी हात लावायचा नाही. लिहा आणि टाका. नाहीतर पुढच्या भेटीला तुमचा भाऊ काचेपर्यंत चालत येणार नाही." मी म्हटलं, साहेबांकडे जाईन. तो हसला. म्हणाला, "जा की. कुठल्या साहेबांकडे जाणार ते सांगा, मी सोडतो गाडीने."

पाकीट कपाटात आहे. दुकानभर तो वास येतो, का मलाच येतो कळत नाही. गिऱ्हाईकाच्या चादरी नाकाला लावून बघते.

मी काय करू ते सांग. आणि एक खरं सांग. तूही ओढतोस?

ताई

२७ मार्च

ताई डाव्या हाताने लिहितोय. ओळी खाली जातात. माफ कर.

पहिलं पान लिहायला जमत नाही. साहेब वाचतील तर वाचतील.

हो. ओढतो.

बाहेर असताना मजा म्हणून घ्यायचो. इथे तसं नाही. एक तुकडा ओढला की एकशे एकोणऐंशी माणसं निघून जातात. खोली रिकामी होते. वास जातो. तासभर मी एकटा असतो. मग परत येतात सगळी. बाहेर शोधावं लागायचं, इथे शेजारी हात केला की मिळतं. तू पत्रात लिहिलंस की आत तरी मिळत नाही, तेव्हा मी ते घड्याळजींना वाचून दाखवलं नाही.

तक्रार करू नको. मागे एकाने केली. त्याला दुसऱ्या बराकीत हलवलं. तिथे मामाचा मेहुणा आहे. दोन दिवसांनी तो जिन्यावरून पडला. आमच्याकडे जिना नाही.

एकदाच पाठव. एकदाच. मग मी सांगतो ताईने दुकान बंद केलं, गाव सोडलं, काहीही सांगतो. अठ्ठ्याण्णव दिवस राहिले. डावा हात पण मोडला तर तुला पत्र कोण लिहील

चि

२ एप्रिल

चिमट्या,

कागद जसा आला तसा. मी बरी आहे. तू बरा राहा.

(पान दुसरं)

इस्त्री तापली होती. हात सवयीने गेला. मागे घेतला.

(पान तिसरं)

काय लिहू? यावर लिहिलेलं कुणी वाचणार नाही, फाडणार. लहानपणी तुला ताप आला की मी तुझ्या उशीला इस्त्री करायचे, गरम गरम. तू गाल ठेवून झोपायचास. हे फाडा.

(पान चौथं)

एकदाच म्हणालास. लिहून ठेव कुठेतरी.

(पान पाचवं)

यातलं घड्याळजींना काही देऊ नको. त्यांचं कितीही दुखलं तरी देऊ नको.

ताई

११ एप्रिल

ताई,

कागद चांगला निघाला. मामा खूश आहे. खिडकी परत मिळाली. माझ्या वाटणीचा कागद म्हणून पाचव्या पानाचा कोपरा मला दिला.

घड्याळजी गेले.

तीन दिवस कळवळत होते. पोट धरून, गुडघे छातीशी. आम्ही दार वाजवलं. शिपाई म्हणाला डॉक्टर गुरुवारी. मंगळवार होता. त्यांनी मागितलं नव्हतं. मीच म्हटलं, काका, एक झुरका घ्या, तासभर तरी दुखणार नाही. ते म्हणाले, "तुझ्या ताईला आवडायचं नाही." मी म्हटलं, तिला कोण सांगतंय.

त्या कोपऱ्यावर तुझं अक्षर होतं. "देऊ नको." विडीत घालताना मला दिसलं नाही.

दिसलं. दिसलं ताई.

ओढून ते हसले. म्हणाले, "थांबलं." मग आमच्या पाळीला आडवे झालो. त्यांची पाठ माझ्या छातीला लागून. थोड्या वेळाने पहिला ओरडला, पलट. ओळ अडली. पुन्हा ओरडला. मागून शिव्या सुरू झाल्या, ए म्हाताऱ्या, वळ की. मीही दिली शिवी. ए म्हाताऱ्या, असं मीही म्हणालो. मग मी हाताने ढकलून वळवलं त्यांना. तेव्हा कळलं.

कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलंय. न्यायला कुणी आलं नाही. त्यांच्या जागेवर त्याच दुपारी नवीन माणूस आला.

मामा म्हणतो तुझी बहीण कामाची आहे. तो माणूस पुन्हा येईल. पाठवू नको. नाही पाठवलंस तर मला माहीत आहे काय होईल. पाठव. मला कळत नाही. तू मोठी आहेस, तू सांग.

चिमट्या

१५ एप्रिल

अधीक्षक साहेबांना,

मी लाँड्री चालवते. माझा भाऊ तुमच्या तीन नंबर बराकीत आहे. सोबत पाच कोरे कागद आहेत. हे मला काल पुन्हा दुकानात आणून दिले, आत पाठवायला. मी ते धुतलेले नाहीत, हे मुद्दाम लिहिते, कारण एकदा असेच आलेले मी न कळता धुतले होते. तपासणीला पाठवा. हाताला लागू देऊ नका.

२ एप्रिलला असे पाच कागद मी पाठवले. तेव्हा मला सगळं माहीत होतं. त्यातल्या एकाने तुमच्याकडचा म्हातारा घड्याळजी मेला. तुमच्या कागदावर हृदय लिहिलंय. त्याला मूत्रखडा होता आणि तो तीन दिवस कळवळत असताना डॉक्टर आला नाही, तेही लिहा.

कोण कागद आणतं, आत कोण घेतं, मागच्या वेळी कुणाला कुठे हलवल्यावर काय झालं, हे मागच्या पानावर आहे. तुम्ही पहिलंच पान वाचता असं ऐकते. कृपा करून उलटा.

हाच अर्ज मी तीन ठिकाणी दिलाय. एक तुम्हाला, एक कोर्टात, आणि एक पोलीस ठाण्यात. तिथल्याच बाकावर बसून हा लिहिते. माझी जबाबदारी घ्यायला मी इथे आहे. पण माझ्या भावाला त्या बराकीतून आज काढा. आणि मेहुण्याच्या बराकीत नाही, जिथे दार आतून कुणाला उघडता येत नाही अशा ठिकाणी ठेवा. उद्या नको. उद्या मला भाऊ नसेल.

चिमट्याची ताई

६ मे

ताई,

कुणी सांगितलं होतं तुला?

तुझं पत्र आता तुझं येत नाही. झेरॉक्स येतं. तुझ्या अर्जानंतर नवीन नियम झाला, मूळ पत्र ठेवून घेतात, आम्हाला फोटो. सगळी जेल माझ्या नावाने बोटं मोडते. पंचवीस वर्षं आत असलेला एक म्हातारा जाळीतून ओरडून गेला, "तुझ्या बहिणीपायी माझ्या आईच्या हातचा कागद गेला."

मी एकट्याच्या कोठडीत आहे. आठ पावलं लांब, पाच रुंद. मामाला दुसरीकडे नेलं. कुठे ते सांगत नाहीत. पहिले बारा दिवस मी काय केलं मला आठवत नाही. घाम, उलट्या, भिंतीत माणसं दिसायची, सगळी एकशे ऐंशी, आणि मधे घड्याळजी, पाठ करून. आता दिसत नाहीत. जागा भरपूर आहे. पाय पसरून झोपतो. कूस बदलायची असली की अजून "पलट" म्हणतो. म्हटल्याशिवाय वळताच येत नाही.

चौकशीवाले आले होते. तू म्हणालीस सगळं तुझ्यामुळे. मी म्हटलं, तुकडा मी दिला. अक्षर वाचून दिला. त्यांनी दोनदा विचारलं, विचार करून सांग. मी दोनदा तेच सांगितलं. आता ३ जुलै नाही. पुढची तारीख कुणी सांगत नाही.

दुकान कोण बघतं? तू कुठे आहेस? पाकिटावरचा पत्ता शाईने काळा केलाय.

चिमट्या

२० मे

चिमट्या,

या पत्राला दुसरं पान नाही. साहेबांनी सगळं वाचावं.

पत्ता काळा केला कारण तो तुझ्यासारखाच आहे. मी बायकांच्या तुरुंगात आहे. आम्ही चाळीस जणी, जागा तीसची, तुझ्या मानाने बंगला. मला काय काम दिलं असेल? धुलाई. सगळ्या हसल्या, म्हणाल्या ही बाहेरूनच शिकून आली. दुकानाला कुलूप आहे. शिंपीणबाईंनी गिऱ्हाइकांच्या चादरी घरोघर पोचत्या केल्या.

मी तो कागद पाठवला नसता तर घड्याळजी जगले असते. तुझं काय झालं असतं ते मला माहीत नाही. रोज हेच धुते, निघत नाही. तू मोठी आहेस, तू सांग, म्हणालास. मोठीला काही ठाऊक नव्हतं रे. मी एकदा न कळता बरोबर केलं आणि एकदा सगळं कळून चूक केली.

मी काही बोलले नसते तर तू जुलैत सुटला असतास, असं माझी वकीलबाई म्हणते. मी म्हटलं, सुटला असता की नेला असता, ते मामाला विचारा. तू दोनदा विचारल्यावर दोनदा खरं सांगितलंस, ते वाचून मी ताट बाजूला ठेवलं आणि रडले. शेजारची म्हणाली, वाईट बातमी? मी म्हटलं, नाही, भाऊ बोलला.

घड्याळजींना नमस्कार कुणाकडून पाठवायचा आता? रोज हात त्या ओळीपाशी येऊन थांबतो. तूच कोठडीत एकदा मोठ्याने म्हण.

इथे खळ नाही, इस्त्री नाही. चहा मात्र उकळता मिळतो, स्टीलच्या मगात. मगाचं बूड सपाट आहे. साहेब, या कागदाच्या मधोमध गोल डाग दिसेल, तो चहाचा आहे. तो मग गरम आहे तोवरच कागदावर फिरवावा लागतो, दोन थेंब सांडले. तपासून घ्या.

चिमट्या, तुला झेरॉक्स मिळेल. कडकपणा त्यात उतरणार नाही, मला कळतं. डाग उतरेल, काळा, वाटोळा. पत्र हातात आलं की आधी त्यावर गाल ठेव.

ताई